घर खायला उठतं, म्हणजे नेमकं कोण उठतं?

घरातलं माणूस गेलं की मागे राहिलेला म्हणतो, ‘घर खायला उठतं.’ ऐकणारा मान हलवतो. बिचाऱ्याला एकटं वाटतंय, असा अर्थ लावून मोकळा होतो. भिंतींना कुठे भूक लागते?

पण त्या माणसाला बोलतं केलं तर तो ‘एकटेपणा’ हा शब्द क्वचितच वापरतो. तो बोलतो रिकाम्या खुर्चीबद्दल, टेबलावर तसाच पडलेल्या चष्म्याबद्दल, पलंगाच्या न चुरगळलेल्या अर्ध्या चादरीबद्दल. हात सवयीनं दोन कप काढतो आणि मग एक परत ठेवतो, त्याबद्दल. तुमचं दुःख मनात आहे की खुर्चीत, असं त्याला विचारलं तर तो गोंधळेल. माझ्या मते त्याचं गोंधळणंच बरोबर आहे, चुकलाय तो प्रश्न.

हा प्रश्न का चुकतो, ते सांगू पाहणारा एक विचारप्रवाह तत्त्वज्ञानात गेली पंचवीस-तीस वर्षं जोर धरून आहे. त्याचं नाव नव-भौतिकवाद. कुटुंबांवर उपचार करणारे काही थेरपिस्टही अलीकडे त्याच्याकडे वळले आहेत. हे लिखाण भयंकर बोजड असतं, अनेकदा विनाकारण. मूळ मुद्दा मात्र घरगुती आहे.

आधी नावाचा धसका काढू

भौतिकवाद म्हटलं की कुणाला चार्वाक आठवतो, कुणाला मार्क्स, तर कुणाला पैशामागे धावणारी दुनिया. इथे यातलं काहीच अभिप्रेत नाही. ‘भौतिक’ म्हणजे साधे, हाताला लागणारे पदार्थ: लाकूड, काच, हवा, वीज, शरीर.

जुनी समजूत अशी की जग दोन खणांत विभागलेलं आहे. एका खणात माणसं. ती विचार करतात, ठरवतात, करतात. दुसऱ्या खणात वस्तू. त्या पडून राहतात आणि माणूस वापरील तशा वापरल्या जातात. आपल्याकडे वस्तूंना ‘जड’ म्हणतात, त्यातही हीच समजूत दडलेली आहे. नव-भौतिकवादाचं म्हणणं असं की ही फाळणी खोटी आहे. गोष्टी घडवण्यात वस्तूंचाही हात असतो. या घडवण्यातल्या हाताला आपण ‘कर्तेपण’ म्हणू. ते एकट्या माणसाच्या मालकीचं नसतं, एवढं लक्षात ठेवलं की निम्मं काम झालं.

हे नाव १९९०च्या दशकात मॅन्युएल डिलांडा आणि रोझी ब्रायडोटी यांनी वेगवेगळं वापरायला सुरुवात केली. पुढे भौतिकशास्त्रातून तत्त्वज्ञानात आलेल्या कॅरन बराड आणि राजकीय विचारवंत जेन बेनेट यांच्या लिखाणानं ते पसरलं. नावं एवढी पुरेत.

एक दार

कल्पनेतलं एक घर घेऊ. आई, वडील, पंधरा वर्षांची मुलगी. तक्रार अशी की मुलगी उद्धट झाली आहे, काही बोललं की खोलीत जाते आणि दार आपटते. वडिलांना तो आवाज कानाखाली मारल्यासारखा लागतो. ते ओरडतात. ओरडणं ऐकून मुलगी पुन्हा खोलीत जाते. पुन्हा दार.

आता यात एक बारीक तपशील घाला. दाराचं लाकूड दमट हवेनं फुगलंय. हलकेच लोटलं तर ते चौकटीला अडून अर्धवट उघडं राहतं. पूर्ण लावायचं तर जोर करावाच लागतो, आणि जोर केला की आवाज होतो.

मग तो राग कुणाचा? ‘अरेच्चा, म्हणजे ती रागावलेली नव्हतीच, दारच बिघडलं होतं’ असं म्हणून सुटका होत नाही, कारण काही वेळा ती खरोखरच रागावलेली असते. आणि महिनोन्‌महिने प्रत्येक ‘धाड्‌’नंतर ओरडा खाल्ल्यावर ती दार लावतानाच रागावू लागते. आता हाताला दाराची आणि रागाची सवय एकदमच झालेली आहे. वडिलांच्या कानालाही. राग आधी मुलीच्या मनात तयार होता आणि मग दारातून बाहेर आला, असा क्रम लावता येत नाही. फुगलेलं लाकूड, मुलीचा हात, वडिलांचे कान आणि त्या घरातला ‘मोठ्यांसमोर आवाज नको’ हा नियम, या सगळ्यांच्या भेटीत ‘उद्धट मुलगी’ घडली.

बराड यांनी यासाठी एक शब्द बनवला, इंट्रा-ॲक्शन. नेहमीच्या ‘इंटरॅक्शन’मध्ये दोन तयार गोष्टी एकमेकींना भेटतात, जशा टेबलावरच्या दोन गोट्या आपटतात. इंट्रा-ॲक्शनमध्ये भेटीआधी त्या गोष्टी तशा नसतातच, भेटीतूनच त्या तशा होतात. ‘सासू’ आणि ‘सून’ हे शब्द आठवा. लग्नाआधी एक बाई सासू नसते आणि दुसरी सून नसते, एकाच नात्यातून दोघी एकदम जन्मतात. बराड यांचा दावा एवढाच की हे नात्यांपुरतं मर्यादित नाही, दारं आणि हातही त्यात येतात.

(मराठी व्याकरण या बाबतीत मजेशीर आहे. आपण ‘मला राग आला’ म्हणतो. वाक्यातला कर्ता राग, आणि मी नुसता ज्याच्याकडे तो आला तो. व्याकरणावरून तत्त्वज्ञान सिद्ध होत नाही, पण ही कल्पना आपल्या जिभेला अगदीच परकी नाही.)

थेरपीच्या खोलीत पूर्वीपासून काय चाललं होतं

फॅमिली थेरपी, त्यातही सिस्टिमिक थेरपी, एका साध्या विचारावर उभी आहे: त्रास एका माणसात शोधू नका, माणसांच्या आपसातल्या चक्रात शोधा. नवरा गप्प बसतो म्हणून बायको टोचून बोलते, ती टोचून बोलते म्हणून तो गप्प बसतो. सुरुवात कुणी केली हे विचारण्यात अर्थ नाही, चक्र कुठे मोडता येईल ते पाहायचं.

या विचाराच्या मुळाशी ग्रेगरी बेटसन आहेत. हा माणूस मुळात मानववंशशास्त्राचा. त्यांनी एक कोडं घातलं होतं. अंध माणूस काठी टेकत चालला आहे. त्याचा ‘मी’ कुठे संपतो? हाताशी, काठीच्या मुठीशी, की काठीच्या टोकाशी? दुसरं उदाहरण लाकूडतोड्याचं. कुऱ्हाडीचा प्रत्येक घाव आधीच्या घावानं पडलेल्या खाचेनुसार बसतो. म्हणजे झाड तोडण्याचं काम ‘माणूस’ करत नाही. झाड, डोळे, मेंदू, स्नायू, कुऱ्हाड, घाव आणि पुन्हा झाड, असं एक अख्खं वर्तुळ ते करतं.

म्हणजे काठी, कुऱ्हाड आणि झाड पहिल्यापासून वर्तुळात होती. पुढे ती बाहेर पडली. १९८०च्या दशकात थेरपीत भाषेचा बोलबाला झाला. हार्लीन अँडरसन आणि हॅरी गूलिशियन यांनी १९८८ साली कुटुंबासारख्या मानवी व्यवस्था म्हणजे भाषेच्या व्यवस्था असं मांडलं. मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांनी माणूस स्वतःची गोष्ट कशी सांगतो यावर सगळा भर दिला. यातून पुष्कळ चांगलं निघालं. ‘तू समस्या नाहीस, समस्या ही समस्या आहे’ ही व्हाइट यांची भूमिका तर कित्येकांना तारून गेली असेल. पण हळूहळू थेरपी म्हणजे शब्द आणि अर्थ, एवढंच उरलं. खोलीत शरीरं होती, खुर्च्या होत्या, घड्याळ होतं, पण त्यांच्याबद्दल बोलायला सिद्धान्तात जागा नव्हती.

२०२०मध्ये सत्रं व्हिडिओ कॉलवर गेली आणि ही उणीव डोळ्यांत भरली. सॅल्व्हाडोर मिनुचिन यांच्यासारखे जुने थेरपिस्ट सत्र चालू असताना कुटुंबातल्या माणसांच्या जागा बदलत. आईच्या आणि वडिलांच्या मध्ये बसलेल्या मुलाला उठवून दुसरीकडे बसवलं की घरातलं काहीतरी हललेलं दिसे. पडद्यावर कुणाला कुठे बसवणार? तिथे सगळे एकाच सोफ्यावर चौकटीत मावण्यासाठी दाटीवाटीनं बसतात, एरवी एकमेकांकडे पाहत नसले तरी. खुर्च्या इतकी वर्षं काय काम करत होत्या, ते त्या नाहीशा झाल्यावर कळलं.

दिव्याचं बटण

याच क्षेत्राच्या इतिहासातला एक प्रसंग मला सगळ्यात बोलका वाटतो.

फॅमिली थेरपीत एकतर्फी आरसा वापरण्याची पद्धत होती. एका खोलीत कुटुंब आणि थेरपिस्ट. आरशापलीकडे अंधाऱ्या खोलीत बाकीचे तज्ज्ञ. त्यांना कुटुंब दिसतं, कुटुंबाला ते दिसत नाहीत. अशा आरशात जादू नसते. उजेडाच्या बाजूनं तो आरसा असतो आणि अंधाराच्या बाजूनं काच.

१९८५मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉम्सो इथे टॉम अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुटुंबाला विचारलं, आमची आपसातली चर्चा तुम्हाला ऐकायची आहे का? कुटुंब हो म्हणालं. मग कुटुंबाच्या खोलीतले दिवे मालवले, तज्ज्ञांच्या खोलीतले लावले, आवाजाची दिशा उलटी केली. तीच काच, पण आता कुटुंब पाहत होतं आणि तज्ज्ञ पाहिले जात होते. पाठीमागे जसं बोललं जातं तसं तोंडासमोर बोलता येईना. तज्ज्ञांची भाषा नरमली. यातून ‘रिफ्लेक्टिंग टीम’ ही पद्धत जन्मली आणि जगभर गेली.

पाठ्यपुस्तकांत याचं श्रेय लोकशाही वृत्तीला देतात, आणि ते बरोबर आहे. पण वृत्ती एकटी होती का? काच, बटण, मायक्रोफोनच्या तारा यांच्याशिवाय ती त्या दिवशी तशी वृत्ती झालीच नसती. नव-भौतिकवादी माणूस इथे बोट ठेवतो.

फॉर्मवरचा एक रकाना

नील्स बोर यांच्या भौतिकशास्त्रावरून बराड यांनी आणखी एक मुद्दा उचलला आहे. प्रकाश लहरीसारखा दिसेल की कणासारखा, हे प्रयोगाची मांडणी कशी केली यावर ठरतं. मापनाचं साधन बाजूला काढून ‘नुसत्या’ प्रकाशाबद्दल बोलता येत नाही. साधन एक रेघ ओढतं: अलीकडे पाहणारा, पलीकडे पाहिलं जाणारं. वेगळं साधन, वेगळी रेघ.

थेरपीला येणाऱ्या कुटुंबाच्या हातात आधी एक फॉर्म पडतो. त्यावर ‘रुग्णाचे नाव’ असा एक रकाना असतो, त्यात एकच नाव मावतं. मुलीचं नाव लिहिलं गेलं की रेघ ओढली गेली. मुलगी पलीकडे, बाकी सगळे अलीकडे. आत गेल्यावर थेरपिस्टनं कितीही सांगितलं की त्रास कुणा एकाचा नसतो, तरी कागदानं त्याच्या आधीच सांगून टाकलेलं असतं. बिल त्या नावानं येतं, पुढची तारीख त्या नावानं लागते. फॉर्म बदलला तर सगळं बदलेल असं नाही, पण आपण वापरतो ती साधनं निष्पाप नसतात, हे थेरपिस्टला ठाऊक असलं पाहिजे. सत्राचा ठरलेला वेळ हेसुद्धा साधनच. काही घरांत खरं बोलणं शेवटच्या चार मिनिटांतच निघतं, कारण घड्याळ दिसत असतं.

आणि मोबाइल?

हा लेख ज्या भांडणामुळे सुचला ते घरोघरी चालू असतं. एक पक्ष म्हणतो, मोबाइलनं घर मोडलं. दुसरा म्हणतो, मोबाइल काय करणार, वापरणारी माणसंच तशी. पहिल्यात सगळं कर्तेपण वस्तूला, दुसऱ्यात सगळं माणसाला.

बेनेट यांनी दाखवलेली वाट निराळी आहे. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात वीज गेली, सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. कुणामुळे? तारांना झाडं लागली होती, धोक्याची सूचना देणारी संगणकप्रणाली बंद पडली होती, वीजबाजाराचे नियम सैल होते, कंपन्यांना नफा हवा होता, आणि वीज स्वतःच्या स्वभावानं मोकळी वाट शोधत पळत होती. बेनेट म्हणतात, हे सगळ्यांच्या जुळणीनं घडलं. ‘जुळणी’ म्हणजे माणसं, वस्तू, नियम आणि सवयी यांचं असं एकत्र येणं, ज्यात कुणीच एकटा मालक नसतो आणि तरी काहीतरी घडतं.

मोबाइलचंही तसंच. दूर नोकरी करणाऱ्या आईला लेकराशी रोज रात्री जोडून ठेवतो तो तोच फोन. पांघरुणाखाली मुलाची झोप खातो तोही तोच. त्याला निरुपद्रवी डबा म्हणणं भाबडेपणाचं आहे, कारण आपलं लक्ष पुन्हा पुन्हा खेचून घ्यावं यासाठीच त्यातली ॲप्स घडवलेली असतात. पण तो घरात येऊन काय होतो, ते घरातल्या बाकीच्या गोष्टींवर ठरतं. म्हणून असा थेरपिस्ट ‘किती तास वापरता?’ यावर थांबत नाही. तो विचारतो: रात्री फोन कुठे झोपतात? चार्जरचा पॉइंट कुणाच्या उशाशी आहे? इंटरनेट बंद पडतं त्या दिवशी घरात काय होतं, कोण कुणाच्या खोलीत जातं? फोन वाजल्यावर सगळ्यात आधी कुणाची मान वळते, आणि ते सगळ्यात आधी कुणाला दिसतं?

शेवटच्या प्रश्नातला वळसा फॅमिली थेरपीचा जुनाच आहे. एकाला दुसऱ्या दोघांमधलं काय दिसतं ते विचारायची ही रीत इटलीतल्या मिलान इथल्या थेरपिस्टांच्या गटानं रूढ केली. नवीन काय, तर त्या वर्तुळात फोनलाही जागा मिळाली.

‘म्हणजे वस्तूंना जीव असतो म्हणायचं?’

नाही. दाराला हेतू नसतो, चार्जर कट रचत नाही. रस्त्यावरचा गतिरोधक पाहा. या विचाराच्या शेजारचे समाजशास्त्रज्ञ ब्रुनो लातूर यांचं हे आवडतं उदाहरण. नियमाला न जुमानणारा चालकही गतिरोधकापुढे वेग कमी करतो, कारण त्याला गाडी जपायची असते. गतिरोधकाला मन नाही, पण तो काढला तर घडणारी गोष्ट बदलते. कर्तेपण म्हणजे इथे इतकंच. बेनेट कधी कधी याहून पुढे जातात आणि त्यांची भाषा वस्तूंच्या प्रेमात पडल्यासारखी होते. तिथवर त्यांच्यामागे गेलंच पाहिजे असं नाही.

‘मग मारणाऱ्याचा दोष कुणाचा?’

हा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे आणि झटकून टाकण्यासारखा नाही.

कर्तेपण सगळ्यांत वाटलेलं आहे म्हटलं की बायकोला मारणारा नवरा उद्या म्हणेल, माझा एकट्याचा काय दोष? दारू होती, लहान घर होतं, उकाडा होता. फॅमिली थेरपीला हा धडा एकदा चांगलाच मिळालेला आहे. १९८०च्या दशकात स्त्रीवादी थेरपिस्टांनी विचारलं होतं की तुमच्या त्या ‘चक्रात’ मार खाणारी बाई निम्मी भागीदार कशी काय ठरते? त्याच्याही आधी, १९४८मध्ये, स्किझोफ्रेनिया ‘घडवणारी’ आई अशी एक संज्ञा मानसोपचारात आली आणि कित्येक वर्षं आया विनाकारण आरोपीच्या पिंजऱ्यात राहिल्या. म्हणजे या क्षेत्राला दोष नको तिथे लादताही आला आहे आणि नको तिथे वाटून टाकताही.

बराड यांचं उत्तर असं की आपण जाळ्यात गुंतलेले असतो म्हणून जबाबदारी घटत नाही, उलट वाढते, कारण प्रत्येक रेघ कुठे ओढायची याला आपण उत्तरदायी असतो. उत्तर सुंदर आहे, पण मला ते अपुरं वाटतं. हिंसेच्या प्रसंगी ‘उत्तरदायी असणं’ पुरत नाही, बोट दाखवावं लागतं. हात उगारतो तो थांबू शकतो, उकाडा थांबू शकत नाही. हा फरक जो सिद्धान्त पुसट करतो त्याला त्या खोलीत येऊ देऊ नये.

तरीही वस्तूंकडे पाहण्याचा उपयोग नेमका इथेच होतो, पण सुरक्षिततेसाठी. घराच्या किल्ल्या कुणाकडे असतात? बँकेचं पासबुक कुठे आहे? तिच्या फोनचा पासवर्ड कुणाला माहीत आहे? बाहेरच्या दाराची कडी आतून कोण लावतं? धाक नुसत्या शब्दांनी बसत नाही, तो किल्ल्यांनी आणि कड्यांनी बसतो. ज्या थेरपिस्टला फक्त शब्द ऐकू येतात, त्याच्या नजरेतून हे निसटू शकतं.

‘इलेक्ट्रॉनचं शास्त्र घरात कुठून आलं?’

कुठूनच नाही. प्रकाशाच्या प्रयोगावरून नवरा-बायकोबद्दल काहीही सिद्ध होत नाही, आणि ‘क्वांटम’ शब्द वापरून जे कोणी उपचार विकतात त्यांच्यापासून लांब राहावं. बराड यांची मांडणी तत्त्वज्ञानाची आहे, भौतिकशास्त्र तिच्यासाठी विचाराची पायरी आहे. नव-भौतिकवाद ही उपचारपद्धतीही नाही. अमुक सत्रं घेतली की अमुक बरं होतं, असं त्यात काही नाही. थेरपिस्ट कुठे पाहतो आणि काय विचारतो, एवढ्यात त्यामुळे फरक पडतो.

‘यात नवीन काय?’

फारसं नाही, आणि हे सांगायला लाजू नये. स्त्रीवादी अभ्यासक सारा अहमद यांनी २००८मध्येच टोकलं होतं की स्त्रीवाद्यांनी शरीराकडे दुर्लक्ष केलं असं सांगत ‘नवं’ असल्याचा आव आणू नका. कॅनडातल्या मेटी या मूळनिवासी समाजातल्या अभ्यासक झोई टॉड यांनी २०१६मध्ये त्याहून झोंबणारा सवाल केला: नदी, हवा, प्राणी यांच्याशी नातं आहे हे मूळनिवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, युरोपीय तत्त्वज्ञांनी म्हटल्यावरच तो शोध कसा ठरतो? दोघींचंही म्हणणं मला पटतं. घरी येऊन खाटेची उंची आणि न्हाणीघराचा उंबरा पाहणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टलाही यात नवल वाटणार नाही. सिस्टिमिक थेरपीत हे अलीकडे मांडणाऱ्यांत गेल सायमन आणि लिआ सॉल्टर आहेत. मानवी व्यवस्थांच्या पलीकडे पाहा, हा त्यांचा २०१९मधला आग्रह मुख्यतः हवामानबदल आणि अन्यायाच्या संदर्भातला आहे. घरातल्या वस्तूंपेक्षा त्यांचा आवाका बराच मोठा आहे.

पुन्हा त्या दाराकडे

आपलं कल्पनेतलं कुटुंब सत्राला आलं आहे असं समजा. थेरपिस्ट ‘तू दार का आपटतेस?’ असं विचारत नाही. ती विचारते, ‘हे दार लावतात कसं? कुणी करून दाखवाल?’ मुलगी उठते आणि हवेतच दोन्ही हातांनी जोर लावून दाखवते. आई म्हणते, ‘अगं, मलाही तसंच लावावं लागतं.’ वडील थोडा वेळ काही बोलत नाहीत. मग म्हणतात, ‘रविवारी रंधा मारतो. दहा मिनिटांचं काम आहे.’

सगळ्यांना वाटतं, सुटलं.

‘नको,’ मुलगी म्हणते. ‘मग कोणी आत आलं तर मला कळणार कसं?’